आप्पांचं होम थिएटर

माझं शिक्षण आयटीआयचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं नाही, शिकल्यामुळं झालं. न शिकलेल्या माणसानं बापाच्या कानाकडं पाहिलं असतं. मी मशीनकडं पाहिलं.

तलवाड्यात आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच घर. आप्पा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेले. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि संध्याकाळी दुकान आवरलं की कव्वाली. त्यासाठी गेवराईच्या एका मेकॅनिककडून अँप्लिफायर बनवून घेतलेला, त्याला एक कॅसेट डेक आणि दोन लाकडी खोके. खोके एवढे मोठे की आई त्यांच्यावर पापडाचे डबे ठेवायची आणि कव्वाली रंगात आली की डबे थरथरत पुढं सरकायचे.

मी बीडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होतो. एका रविवारी घरी गेलो तर आप्पा म्हणाले, "आवाज कमी झालाय रे हिचा. बघ जरा."

मी मशीन उघडली, धूळ काढली, दोन कंडेन्सर बदलले. आप्पा समोर बसले, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "आता साफ हाय. एकदम साफ." मला भारीच वाटलं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. मग स्पीकरचे पडदे बदलले, मग डेकचं हेड. मीटर लावून पाहिलं, कुठंच काही नाही. तरी आप्पांचं म्हणणं एकच, आवाज कमी हाय. मला त्या मशीनचा इतका राग यायचा की एकदा मी तिला पाना फेकून मारला. पापडाचा डबा तेवढा चेपला.

त्याच दिवसांत गिऱ्हाईक साखर मागायचं आणि आप्पा शेंगदाणे बांधून द्यायचे. "लोकं आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतेत," असं वर गिऱ्हाइकालाच ऐकवायचे. त्यांच्या उशीवर पिवळा डाग पडायचा. आई लसूण घालून तेल कोमट करायची आणि कानात दोन थेंब सोडायची. कान वाहणं हे काय दुखणं झालं? आमच्या गावात त्याला सर्दीएवढाही मान नव्हता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी हातात सोल्डरिंगची बंदूक घेऊन मशीनच्या पोटात वाकलेलो होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते दुसऱ्या कुणासाठी नसावं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्या बीडच्या दुकानात परदेशी कंपन्यांचा माल टेम्पोनं उतरायचा. होम थिएटर गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचं काम माझं. पाच बाजूंनी आवाज येतो, असं सांगून मी कितीतरी जणांना गुंडाळलं होतं. शेवटी स्वतःलाही गुंडाळलं. आप्पांची मशीन जुनी झालीय, तिला आता दुरुस्ती पुरणार नाही, असं ठरवून मी नवी घरी घेऊन गेलो.

दिवसभर खिळे ठोकून चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले, पाचवा मधोमध, शिवाय एक धप्प वाजणारा जमिनीवर. जुनी मशीन माळ्यावर टाकली. कव्वालीची सीडी घातली आणि आवाज वाढवला तशी फळीवरची भांडी वाजायला लागली. पुढच्या पट्टीवर हिरवे-लाल दिवे आवाजाबरोबर वरखाली नाचत होते. आप्पा मधोमध बसले होते. ते दिव्यांकडं बघत होते आणि मधूनमधून माझ्या तोंडाकडं.

"कसं वाटतंय?" मी ओरडून विचारलं.

"लई भारी. साफ. एकदम साफ."

पुढं श्रावणात एका सोमवारी दुपारी न कळवता घरी गेलो. दुकान बंद होतं. आतल्या खोलीत आप्पा होम थिएटरसमोर मांडी घालून बसले होते, हात मांडीवर ताल धरत होता. दिवे नाचत होते. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मी मागं वाकून पाहिलं. स्पीकरच्या सगळ्या तारा उपसलेल्या, भिंतीवरून नुसत्या लोंबत होत्या.

आईनं माझा हात धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"म्याच काढल्या," ती म्हणाली. "लई मोठ्यानं लावायचे. शेजारची बाळंतीण रडकुंडीला आलती. म्हनलं, वरडले की सांगू, उंदरानं तारा खाल्ल्या."

"मग?"

"वरडलेच न्हाईत. महिना झाला."

"मला कळवलं कावून न्हाई?"

"काय कळवू? बापाला गल्ल्यावरून उठवा म्हनून?"

मी तिच्यावर भडकलो. भडकायला सोपी तीच होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. दोन्ही कानांतलं हाड सडलं होतं आणि सडत मेंदूकडं चाललं होतं. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, कान नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. दोन-तीन वर्षांपूर्वी मी मशीनचे कंडेन्सर बदलत होतो. मी डॉक्टरांना तसं सांगितलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो.

जीव वाचला. दुकान आम्ही भाड्यानं दिलं. सकाळी भस्म लावून आप्पा सवयीनं गल्ल्याकडं निघायचे आणि दारातून परत फिरायचे. ते पाहणं मला जमत नसे. मी घरी जाणंच कमी केलं.

एकदा गेलो तो ती मशीन काढून न्यायला. आईला ती नजरेसमोर नको झाली होती. मी स्टुलावर चढून स्पीकर उतरवत होतो. आप्पा खाली बसून बघत होते.

"घेऊन जा," ते म्हणाले. "चांगली हाय. बिघाड न्हाई तिच्यात." मग म्हणाले, "जुनीतबी न्हवता. मला ठावं होतं."

मी खाली उतरलो. त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मग तवाच कावून न्हाई सांगितलंत, आप्पा?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग नेहमीसारखी मान तिरकी करून हसले.

"साफ," ते म्हणाले. "एकदम साफ."