फुटक्या लाइनीवरची भाजी

नायगावच्या खाडीलगत, रस्ता आणि कांदळवन यांच्यामध्ये हंसाबाईचा जमिनीचा एक चिंचोळा तुकडा होता. तिचा नवरा हरेश्वर मिठागरावर कामाला होता. तो गेला तेव्हा त्या तुकड्यात खारं गवत सोडलं तर काही उगवत नव्हतं, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं.

मग पलीकडे टॉवर उभे राहिले आणि त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने पाण्याची मोठी लाइन गेली. काही दिवसांतच हंसाच्या जमिनीच्या तोंडाशी ती लाइन झिरपू लागली. आधी नुसती ओल दिसायची, मग खड्ड्यात पाणी साचू लागलं. हंसाने ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं होतं. तिने दोन वाफे काढून लाल माठ पेरला, आणि तो तरारून आला. पुढे मुळा आला, मेथी आली. दुपारी खुडायची आणि संध्याकाळी पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसायचं, असं सुरू झालं. कामावरून परतणारी माणसं तिच्याकडेच थांबायची, कारण भाजीला अजून माती चिकटलेली असायची. त्या भाजीवर तिने मुलाला, प्रितेशला, शिकवलं आणि त्याचं लग्न केलं. तो सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर झाला आणि कर्ज काढून त्याच टॉवरपैकी एकात राहायला गेला.

तिथे पाण्याची बोंब होती. सून स्वप्नाली आली की तेच सांगायची. नळ जेमतेम करंगळीएवढा येतो, सोसायटी रोज टँकर मागवते, मेंटेनन्स वाढतच चाललाय, आणि टँकरच्या पाण्याने लहानग्या नातीच्या, आर्याच्या अंगावर पुरळ उठतं. हंसा हळहळायची आणि जाताना तिच्या पिशवीत मेथीच्या जुड्या घालायची.

त्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीरंग, बँकेतून निवृत्त झालेले. पाणी वाटेत कुठे मुरतं हे बघायला ते एका सकाळी पाणी खात्याच्या तरुण इंजिनिअरला घेऊन लाइनीच्या कडेकडेने चालत आले आणि हंसाच्या वाफ्यांपाशी थांबले. आजूबाजूला सगळं खारवट, वाळलेलं. आणि मध्येच ही हिरवी पट्टी. विचारायचं काही राहिलंच नव्हतं. तरी इंजिनिअरने विचारलं, कधीपासून गळतंय. सून घरात आणली त्याच्या आधीपासून, असं हंसाने खरं ते सांगितलं.

इंजिनिअर चांगला माणूस होता. त्याने तिला समजावून सांगितलं. धरणातून पाणी आणायचं, शुद्ध करायचं, पंपाने चढवायचं, या सगळ्याला खर्च येतो. ते वाटेत मुरलं तर त्याचं बिल कुणालाच लावता येत नाही. दुरुस्तीचा खर्च वर्षाच्या आत भरून निघेल, आणि वाचलेल्या पैशांत आणखी लाइनी दुरुस्त होतील.

हंसाने श्रीरंगांना विचारलं, "साहेब, हे पानी कोनाच्या वाट्याचं?"

त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं. प्रितेशची इमारत.

तिने खाली वाकून माठाचं एक पान बोटांत धरलं. मग एवढंच म्हणाली, "हा माठ निघंपर्यंत थांबाल काय?"

श्रीरंग नेहमी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. लाइनीच्या दुरुस्तीचं काम आधीच मंजूर झालं होतं, ठेकेदार ठरला होता, फक्त गळती सापडायची राहिली होती. त्याने नकारार्थी मान हलवली.

जेसीबी आला आणि अर्धे वाफे खोदकामातच गेले. उरलेल्यांत आठवड्याभरात पाणी उरलं नाही. खालून खार वर आला आणि रोपांची पानं कडेने करपत गेली. हंसा विहिरीचं पाणी घालून बघत होती. त्याने रोपं उलट लवकर मेली.

तिकडे टँकर बंद झाले. मेंटेनन्स उतरला. आर्याचं पुरळही गेलं. स्वप्नालीने फोन करून सांगितलं, "आई, आता नळाला कसलं जोरात पाणी येतंय!" हंसा म्हणाली, बरं झालं. ते तिने मनापासून म्हटलं आणि फोन ठेवला. भांडायचं तर कुणाशी?

शेतासाठी नळ मिळेल का, हे विचारायला ती पाणी खात्याच्या ऑफिसात गेली होती. पिण्याचं पाणी शेतीला देता येत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तिलाही ते पटलं. प्रितेश म्हणाला, टँकरचे वाचतात ते दर महिन्याला तुला देत जाईन. पहिल्या महिन्याचे तिने घेतले, पण लेकाकडून हातखर्चाला पैसे घेताना तिला मान वर करवली नाही. पुढच्या महिन्यात ती नको म्हणाली.

आता ती वसईच्या बाजारातून जुड्या विकत आणते आणि स्टेशनबाहेर बसते. रिक्षाचं भाडं वजा जाता फारसं काही उरत नाही. जुनी गिऱ्हाइकं भाजी हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि पुढे जातात. श्रीरंग मात्र रोज थांबतात, गरज नसली तरी दोन जुड्या घेतात. त्यांना काहीतरी बोलायचं असतं. हंसा पिशवी भरून देते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. प्रितेश म्हणतो, हे बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. ती बघू म्हणते. जमिनीच्या तुकड्यात पुन्हा खारं गवत उगवलंय. ती तिकडे हल्ली जात नाही.