वेशीजवळची मोजणी

मोजणीच्या खुणा आखायच्या चुन्याच्या फक्कीचा कोरडा वास आला की मला बीडमधली वेशीजवळची गल्ली आठवते. उमापूरहून पॉलिटेक्निकला आले, तेव्हा बाजाराला लागून असलेल्या त्या गल्लीत मी खोली घेतली होती. खाली किराणावाले काका, समोर फळवाली खाला, पलीकडे पत्र्याच्या पेट्या ठोकणारे. महादेवाच्या देवळातली घंटा आणि अजान एकाच खिडकीतून ऐकू यायची. कॉलेजने जुन्या घराचा नकाशा काढायला सांगितला म्हणून मी खालाचं घर निवडलं आणि बाहेरून फीत लावली. दोन दिवसांत गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली. मी दिसले की पेट्यांची ठोकाठोक थांबायची. काकांनी विचारलंच, "कावून मोजायलीस? रस्ता रुंद करायचा हाय का?" मी कॉलेजची वही दाखवली, तरी त्यांची नजर फितीवरच होती. तिसऱ्या दिवशी खाला पपईची फोड घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बेटी, आमचा उंबरा रस्त्यापासून हातभर आत लिव. लई वर्सं झाली, आमी हितंच हाव." मला इतकं कानकोंडं झालं, की मी नकाशाचं पान फाडून तिच्या हातात दिलं. तिने ते घडी करून कमरेला खोचलं आणि विचारलं, "ह्याची दुसरी नक्कल तर न्हाई ना?" तेव्हा मला तिचा रागच आला होता. आता मी मोजणीच्याच खात्यात नोकरी करते, आणि एका नकाशाच्या नकला किती टेबलांवर फिरतात ते मला माहीत आहे.