मुलीचा मामा गेला कुठे?

सगळं जग जिकडे बघतं तिकडे पाठ करून उभा राहणारा माणूस बघायचा असेल, तर माझ्या मेहुण्याला भेटा. वागळे इस्टेटमधली धडधाकट नोकरी सोडून हा गृहस्थ सिनेमे काढायला लागला. सिनेमे म्हणजे ज्यांत काहीही घडत नाही असे! एकदा आमच्या कळव्याच्या घरी मुक्काम ठोकून त्याने छतावरच्या ओलीचा सिनेमा केला. सोसायटीच्या हॉलमध्ये तो दाखवला, तर अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या. उरला फक्त घोरणारा वॉचमन. "बघा भावोजी, हा एकटाच सिनेमात पूर्ण बुडाला," इति मेहुणा. पुढे सोसायटीने तोच सिनेमा गळतीचा पुरावा म्हणून बिल्डरला दाखवला. त्याच्या कलेचा जगाला झालेला उपयोग तेवढाच.

हेही मी सोसलं. पण मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्याच्याकडे? ती माझ्या बायकोची वेडी माया. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई लग्न बघत नाही, आत बसून तुळशीला पाणी घालते. "मला तर तिथे थांबता यायचं नाही," ती भावाला म्हणाली, "तू नीट काढ रे, मग मी निवांत बघेन." याने मान डोलावली. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये मोबाईल उगारणाऱ्या यच्चयावत पाहुण्यांना दम देऊन खाली बसवलं, आणि स्वतः गायब! भटजी ओरडताहेत, "मुलीचा मामा गेला कुठे?" शेवटी शेजारच्या काकांना मामा करून मुलीच्या मागे उभं केलं.

आठवड्याने फिल्म लावली. बोहलं नाही, अंतरपाट नाही, नवरानवरी नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी बायको, तुळशीची कुंडी आणि बाहेरून ऐकू येणारी मंगलाष्टकं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, तिला लेकीचं लग्न बघायचं होतं!"

"तिकडे सगळे बघतच होते की, भावोजी. ताईकडे कोण बघत होतं?"

वर तोंड करून मलाच विचारतो! बायको म्हणाली, "जाऊ दे हो. साडी छान दिसतेय माझी."

तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. लेकीचं लग्न तिला बघायला मिळालं नाही ते नाहीच, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दिवाळीला मुलगी आली की आम्ही तीच फिल्म लावतो. 'सावधान' ऐकू येतं, बायको मुठीतल्या अक्षता तुळशीवर टाकते आणि बंद दाराकडे बघून हसते. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत असतो. मेहुणा तेवढा पाठ करून खिडकीशी उभा असतो. मी त्याला वळ म्हणत नाही.