माझ्या चाचणीची पहिली ओळ

“हळू बोल. हा मासळी बाजार नाहीये.”

सर असं म्हणाले. आठ माणसं बसलेली मीटिंगला. सगळी हसली. एक मंदार नाही हसला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, माझ्याच वयाचा प्रोग्रामर. तो खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मला त्याचाच जास्त राग आला.

मी मोठ्याने बोललेले, खरंय. आमच्या कोळीवाड्यात सगळेच मोठ्याने बोलतात. खाडीवर वारा असतो, या होडीतून त्या होडीत सांगायचं तर आवाज लागतो, आणि मग घरी आल्यावर कोण कमी करतंय. पण सर “हळू बोल” एवढ्यावर थांबले असते तर मी काहीच म्हटलं नसतं. त्यांनी बाजार काढला. माझी आई कोपरीच्या बाजारात बसते, हे त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या फॉर्मवर मीच लिहिलेलं. आईचा व्यवसाय: मासळी विक्री. त्यांनी तो फॉर्म माझ्यासमोर वाचलेला आणि म्हणालेले, “अरे वा, मेहनती लोक.”

मेहनती लोक! मी तेव्हा खूश झालेले. अक्कल बघा माझी.

नव्वदचं दशक संपत आलेलं. ठाण्याला नौपाड्यात एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटचंच ऑफिस केलेलं. हॉलमध्ये मीटिंग, बेडरूममध्ये कॉम्प्युटर, किचनमध्ये प्रिंटर. मी गणितात बीएस्सी केलेली, वर एक वर्षाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा. आमच्या गल्लीतली पहिलीच. कामाला टेस्टर म्हणून लागलेले.

काम काय होतं ते सांगते. एका परदेशी कंपनीने आपल्या ब्राउझरचा सगळा कोड जगाला मोकळा करून दिलेला. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं दाखवतो तो प्रोग्राम. त्याचं इंजिन म्हणजे त्यातला पान आखणारा भाग. मजकूर कुठे बसेल, कुठला रकाना किती रुंद, हे ते ठरवतं. कोड मोकळा म्हणजे कोणीही वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. सगळी चर्चा मेलवर व्हायची. आमची कंपनी एका गिऱ्हाइकासाठी तेच इंजिन वापरत होती, म्हणून त्या चर्चेत आम्हीपण होतो. आम्ही म्हणजे सर.

सर आमचे टीम लीड. डोंबिवली पूर्वेला राहायचे. वडील बँकेत अधिकारी, बायको कॉलेजात शिकवायची, स्वतः मोठ्या संस्थेतून इंजिनिअर झालेले. मराठी एकदम स्वच्छ. कधी ओरडायचे नाहीत. ऑफिसात इंटरनेटची लाइन एक, मेलचा पत्ता एक, तो सरांच्या नावाचा. रोज सकाळी आलेल्या मेलची प्रिंट काढायची, भोकं पाडायची, फाइलला लावायची, हे कामही माझ्याकडे होतं.

मी प्रत्येक मेल वाचायचे. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. कुठल्यातरी देशातला कॉलेजचा पोरगा तिथल्या प्राध्यापकाला सरळ लिहायचा, तुमचं चुकतंय. आणि प्राध्यापक उलट लिहायचा, हो, चुकलं, थँक यू. मी तर वेडीच झाले वाचून. तिथे कोणी कोणाला विचारत नव्हतं की तू कुणाची. काम दाखव, बस. मला वाटलं, देवा, ही जागा माझी आहे. इथे माझं नाव छापून आलं पाहिजे. एकदा तरी.

तेव्हा त्या मेलवर दोन आठवडे एकच भांडण चाललेलं. टेबलात, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, आणखी एक टेबल असलेलं पान उघडलं की इंजिन अडकून बसायचं, आणि उघडलंच तर शेवटचा रकाना पानाच्या बाहेर. कारण कोणालाच सापडत नव्हतं. ज्याला-त्याला आपलंच खरं वाटत होतं.

मी एक बातम्यांचं पान घेतलं. नऊशे ओळींचं. त्यातली एक ओळ काढायची आणि बघायचं, चूक अजून दिसते का. दिसली तर ती ओळ फालतू, टाका. नाही दिसली तर परत घाला. असं करत-करत पान लहान करायचं. टेस्टरचं काम हेच. डोळे फुटायची वेळ येते. सहा दिवस लागले. शेवटी अकरा ओळी उरल्या. त्यातली एक काढली तरी चूक गायब. म्हणजे चूक त्या अकरा ओळींतच.

रकान्यांत काहीतरी मजकूर लागतो म्हणून मी सुचतील ती माशांची नावं टाइप केलेली. बोंबील. मांदेली. निवटी. इंग्रजी अक्षरांत. एका रकान्यात मुद्दाम सगळी नावं जोडून एक लांबलचक शब्द केला, कुठेच न तुटणारा. आणि त्या अकरा ओळींच्या वर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, एक ओळ. चाचणी कोणी केली. माझं नाव, आडनावासकट.

कारणही सापडलं. प्रत्येक रकाना पानाच्या रुंदीचे काही टक्के मागतो, इंजिन आधी त्या टक्क्यांप्रमाणे जागा वाटून टाकायचं. मग तो लांब शब्द म्हणायचा, मी मावत नाही. मग सगळं पुन्हा वाटायचं. आतल्या टेबलाने वाटप मोडलं की बाहेरच्याचंही मोडणार. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

त्या मीटिंगमध्ये मी तेच सांगायला उठलेले. सरांनी फळ्यावर आकृती काढलेली, टक्के आधी. मी म्हटलं, “सर, उलटं करा. होडी किनाऱ्याला लागली की आधी होडीचा वाटा काढतात, मग जाळ्याचा. ते बाजूला पडल्याशिवाय माणसांचे वाटे पाडतच नाहीत. तसंच आधी प्रत्येक रकान्याला विचारा, तुला कमीत कमी किती लागतं. तेवढं बाजूला काढा. टक्के उरलेल्यावर.”

सांगता-सांगता आवाज चढला. चढणारच. सहा दिवस पोटात ठेवलेलं होतं ते.

तेव्हा ते म्हणाले, मासळी बाजार.

मी बसले. फाइलवर त्या अकरा ओळींची फ्लॉपी ठेवलेली, ती सरांपुढे सरकवली. माझ्या जिभेला काय झालेलं कोण जाणे. एवढं तडातडा बोलणारी मी.

चार दिवसांनी सकाळी प्रिंट काढत होते. सरांनी पाठवलेला मेल आला प्रिंटरमधून. कागद हळूहळू बाहेर येत होता आणि मी उभ्या-उभ्या वाचत होते. आधी प्रत्येक रकान्याचं किमान राखून ठेवावं, मग उरलेली जागा टक्क्यांनी वाटावी. खाली सरांचं नाव. त्याच्याखाली माझ्या अकरा ओळी. बोंबील, मांदेली, निवटी, जसंच्या तसं. फक्त वरची ओळ नव्हती. माझ्या नावाची.

पुढचा कागद आला. तिकडच्या एका माणसाचं उत्तर. इतकी सुंदर चाचणी मी बघितली नाही, अभिनंदन. आणि शेवटी सहज विचारलेलं, हा बोंबील म्हणजे काय?

तिसरा कागद सरांचा. एकच वाक्य. तो एक निरर्थक स्थानिक शब्द आहे.

नाव काढलं ते समजू शकते मी. चोरी समजते. पण ठाण्या-डोंबिवलीत जन्म गेलेल्या माणसाला बोंबील माहीत नाही? खात नसाल, नका खाऊ. माहीत नाही?

मी त्यांच्या टेबलाशी गेले. कागद हातात होता. “सर, माझं नाव होतं वर.”

त्यांनी चष्मा काढला. आवाज तोच, मऊ. “अगं, हे कंपनीचं काम आहे. बाहेर लीडचंच नाव जातं. आणि समज, त्यांनी तुला उलट प्रश्न विचारला, तर तू त्या इंग्रजीत उत्तर देणार आहेस? तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

मी म्हटलं, “हो सर.”

हो सर! आजही ते दोन शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण काय करणार होते? बाबांचा खाडीतला धंदा बसलेला. कारखान्यांचं पाणी सोडतात त्यात कसली मासळी राहतेय. ते आता एका गोडाऊनवर वॉचमन. धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जायची. हो सर म्हणायचं, भोकं पाडायची, फाइलला लावायचं. लावलं.

घरी आईने तोंड बघूनच ओळखलं. “काय झायला गो तुला?”

सांगितलं. तिला इंजिन काय कळणार, आणि ब्राउझर काय. पण माझं नाव पुसलं, एवढं कळलं. ती मासळीची पाटी घासत होती. म्हणाली, “गप ऱ्हा. नोकरी सोरू नको.” मग मी तिला बोंबलाचं सांगितलं. तिचे हात थांबले. ती चिडली नाही, तेच वाईट. तिला खरंच समजेना. “अर्थ नाय?” ती म्हणाली. “मंग मी इतकी वरसा इकला काय?”

मी पाटीवर पाणी ओतू लागले. काय सांगणार, कप्पाळ?

पुढचा आठवडा मी मुकाट काम केलं. मग तिकडून आणखी एक प्रश्न आला. सरांनाच विचारलेला. रकान्यांच्या टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर गेली तर तुमच्या पद्धतीचं काय? एक साठ मागतो, दुसराही साठ मागतो. पान परत फुटतंय.

मला हे माहीत होतं. मीटिंगच्या आदल्याच दिवशी मी त्याचीही चाचणी करून ठेवलेली. उत्तरपण होतं. डावीकडून देत यायचं. शंभर संपले की पुढच्यांना त्यांचं किमान, बस. पण हे सांगायच्या आत माझी मीटिंग संपलेली.

दोन दिवस सर फळ्यासमोर उभे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हॉलमध्ये बोलावलं. सगळे होते. खुर्ची ओढून दिली. पहिल्यांदाच. “ये, बस. तू त्या वाट्यांचं काहीतरी म्हणत होतीस ना? तू सांग, मी टाइप करतो.”

मी बसले नाही.

“सांगते,” मी म्हटलं. “मेल माझ्या नावाने जाणार असेल तर.”

“हा हट्टीपणा आहे.”

“मग नाही सांगणार.”

“काय म्हणालीस?”

“नाही सांगणार.” मी मोठ्याने म्हटलं. माझ्याच आवाजात. “आणि बोंबील मासा असतो. माझी आई विकते. तुम्ही जगाला खोटं लिहिलंत.”

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. मंदारने परत टोपण काढलं. सर म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस. तुम्हाला संधी दिली की असं होतं.”

तुम्हाला. इतके दिवस मी एकटी होते, तेव्हा तू. काढताना सगळ्या कोळीवाड्याला काढलं.

बाहेर पडले आणि जिन्यात बसून रडले. भरपूर रडले. मी काही शूर वगैरे नव्हते. आता घरी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. भावाची फी, आई, सगळं.

मग स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. स्वतःच्या नावाने मेलचा पत्ता उघडला. ती नवी चाचणी आठवून-आठवून परत लिहिली. वर नावाची ओळ. खाली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आधीची अकरा ओळींची चाचणीही माझीच आहे, बोंबील हा मासा आहे, आणि शंभरच्या वर गेलं तर काय करायचं. एक परिच्छेद लिहायला पाऊण तास गेला. पाठवलं.

रोज जाऊन बघायचे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ज्याने सुंदर म्हटलेलं, त्याच माणसाचं. सभ्य होतं. दोनच ओळी. मेलबद्दल आभार. कृपया तुमच्या टीम लीडकडून याची खात्री करून कळवा.

म्हणजे तिथेही. जिथे कोणी कोणाचं काही विचारत नाही असं मला वाटलेलं, तिथेही माझ्या शब्दावर सरांची सही पाहिजे. राग यायला हवा होता, आधी तोही आला नाही. आता जायला कुठलीच जागा उरली नाही, एवढंच वाटलं. बाजूचा माणूस गेम खेळत होता. काउंटरवरचा विचारत होता, मॅडम, टाइम संपला, वाढवायचाय का?

ती दुरुस्ती पुढे इंजिनमध्ये गेली. सरांच्या नावानेच गेली. तिथून ते नाव मला पुसता येणार नाही. पण त्या दुपारी एक पक्कं केलं. यापुढे माझ्या कामाबद्दल दुसऱ्या कोणाच्या तोंडून खात्री जाणार नाही. इंग्रजी चुकलं तर चुकलं. नोकरी नाही मिळाली तर नाही मिळाली. लोकांनी मला हट्टी म्हणावं, आगाऊ म्हणावं, खुशाल म्हणावं.

“वाढवा,” मी म्हटलं, इतक्या मोठ्याने की सगळा कॅफे वळला.

आणि त्या माणसाला लिहिलं. खात्री मी केली आहे. काम माझं आहे. विचारायचं असेल ते मला विचारा.