उजवी की डावी

कळमनुरीहून नांदेडला पेशंट नेणारा एक जीपवाला माझ्या ओळखीचा आहे. वडिलांच्या आजारपणात मी चारदा त्याच्याच गाडीने गेलो. गाडीत दरवेळी दुसराही एखादा पेशंट असायचा; परतताना जीपवाला त्याचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट मागून घ्यायचा. इंग्रजी येत नसलं तरी एका डॉक्टरकडून शिकलेला 'डॉमिनन्स' हा एकच शब्द तो बोटाने शोधायचा; उजवी की डावी ते त्याच्याच शेजारी लिहिलेलं असतं. हृदयाच्या मागच्या बाजूला रक्त नेणारी शीर बहुतेकांना उजवीकडून येते, थोड्यांना डावीकडून.

"डावी असली तं समदा भार एकाच बाजूवर पडते, सर. तिथंच अडकलं तं तकलीफ," तो म्हणायचा.

उजवी निघाली की अर्धापूरला चहा ठरलेला. डिझेल वाचवायला तो इंजिन बंद करायचा आणि चहा होईपर्यंत काच पुसायचा. डावी निघाली की गाडी कुठेच थांबायची नाही.

मागच्या महिन्यात रिपोर्ट माझा होता. त्याचं बोट एका ओळीवर बराच वेळ थांबलं.

"उजवीच हाय, बराबर. काहून घाबरून राहिले तुमी?"

अर्धापूरला त्याने गाडी थांबवली. मी उतरून चहा घेतला. तो मात्र स्टेअरिंगवरच बसून होता. इंजिन चालू होतं आणि त्याची नजर माझ्या छातीवरून हलत नव्हती.

माझी डावी आहे आणि अडथळाही तिथेच आहे, हे डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं. उकळता चहा तसाच घशाखाली ओतला आणि गाडीत जाऊन बसलो.