गतिरोधक बसविण्याबाबत

पेणला आमच्या गल्लीत गणपतीचे कारखाने एकाला एक लागून आहेत आणि या सगळ्या कारखानदारांची मिळून एक संघटना आहे. तिची मी सेक्रेटरी झाले ती माझ्या हातामुळे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. बारीक ब्रश घ्यायचा आणि एका श्वासात एक भुवई. आमचे अध्यक्ष एका मीटिंगमध्ये म्हणाले, "जिचा हात देवाच्या डोळ्यावर थरथरत नाय, तिचा सरकारी कागदावर कशाला थरथरेल?" सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. न वाजवणाऱ्याच्या गळ्यात ते काम पडलं असतं. हल्ली पत्रं कॉम्प्युटरवर टाइप होतात, त्यात हाताच्या स्थिरपणाचा काही संबंध नसतो, हे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

अध्यक्ष सत्तरीचे. सगळे त्यांना काका म्हणतात. माइक हातात दिला की ते तो आधी टेबलावर ठेवतात आणि मग बोलतात, तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

भानगड सुरू झाली ती रोह्याच्या रस्त्यावर. रोह्याच्या अलीकडे एका गावाजवळ दोन नवे गतिरोधक झाले. उंच, उभे, आणि वर पांढरा पट्टा नाही. ते दिसायचे ते टेम्पो त्यांच्यावरून उडाल्यावरच. शाडूची मूर्ती कितीही पेंढ्यात बसवा, असा दणका बसला की आधी बोटं जातात, मग कान. रोह्याच्या दुकानदाराचा मला फोन आला, "वहिनी, तुमच्या अर्ध्या गणपतींनी आशीर्वादाचा हात खाली ठेवलाय." तुटलेला हात जोडता येतो, पण जोड सुकवून परत रंग द्यायचा म्हणजे रंगवणाऱ्या बायकांचा पुरा दिवस जातो.

संघटनेची मीटिंग झाली आणि निवेदन द्यायचं ठरलं. मी आयुष्यात निवेदन लिहिलं नव्हतं. माझ्या मुलीच्या शाळेच्या पालक समितीने मागे कुठलंसं निवेदन दिलं होतं, त्याची फाइल मी मागून घेतली. 'महोदय', 'सविनय', 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे सगळं त्यात तयार होतं. मी शाळेच्या जागी संघटनेचं नाव घातलं, गावाचं नाव बदललं आणि मधला मजकूर पुसून स्वतःचा लिहिला. तीन परिच्छेद झाले. मूर्ती कशा तुटतात, कारागिरांचे किती हाल होतात आणि म्हणून हे दोन गतिरोधक कसे ताबडतोब काढावेत. लिहिताना माझेच डोळे भरून आले. काकांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "झकास लिवलंस गो."

रोह्याला बांधकाम खात्याच्या साहेबांकडे शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. तिघांनी जायचं होतं, स्टेशनवर नऊ जण आले. साहेबांच्या केबिनमध्ये खुर्च्या चार. काकांनी उभं राहूनच सुरुवात केली, पण "साहेब, आमचे गणपती..." एवढं होईपर्यंत मी सोडून बाकीचे सातही एकदम बोलायला लागले. साहेब तरुण होते, नवीन बदलून आलेले. त्यांनी निवेदन हातात घेतलं, वरवर नजर टाकली आणि म्हणाले, "चांगली मागणी आहे. करू आपण." मग फोटो. नऊ जणांनी मिळून एक कागद धरला. त्या फोटोत साहेबांचा फक्त एक कान दिसतो.

परत येताना मेमू गाडीत सगळे खूश होते. काका खिडकीजवळच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "मागायचं कसं ते यायला पायजे. सरकार ऐकतं."

सरकारने खरंच ऐकलं. पंधरा दिवसही झाले नसतील, आमच्या टेम्पोवाल्याचा फोन आला. तो कोलाडचा, बोलतो मोजकं.

"वहिनी, ते गतिरोधक."

"काढले ना?"

"नाय. आता पाच हायत."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याने गाडी बाजूला लावून फोटो पाठवला. पाच होते. नवे तीन जुन्यांपेक्षा बोटभर उंचच.

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. "हे मुद्दाम केलंय. आपल्याला हिणवायला केलंय." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच रोह्याला गेलो. काकांनी केबिनच्या दारातूनच तोफ सोडली. साहेब घाबरले नाहीत, गोंधळले. त्यांनी क्लार्कला फाइल आणायला सांगितली आणि आमचंच निवेदन उघडून काकांसमोर ठेवलं. काकांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वाच गो मोठ्याने."

मी वाचायला लागले. "विषय: गतिरोधक बसविण्याबाबत."

शाळेच्या फाइलमधली ती ओळ बदलायची राहून गेली होती.

मला वाटलं, जमीन फाटावी. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, विषय वाचूनच कागद पुढे जातो. रोज इतके येतात."

आता काका मला फाडून खाणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत नीट बसले आणि साहेबांना म्हणाले, "डोकं बघून माणूस वळखता काय तुम्ही? खाली तीन परिच्छेद हायत. बाईने रडून लिवलेत. ते कोण वाचणार?" साहेबांनी ते तीनही परिच्छेद तिथल्या तिथे वाचले. वाचताना ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते. मग क्लार्क हसला. शेवटी मीही.

"काढून टाका आता," काका म्हणाले.

"कसे काढू? गावाचं आभाराचं पत्र आलंय." साहेबांनी दुसरा कागद दाखवला. "त्यांना तुमचा सत्कारही करायचाय. तुमच्या संघटनेचा पत्ता मागत होते."

त्या सत्काराला आम्ही जाणार नव्हतो. पण गावच्या सरपंचबाई स्वतः पेणला येऊन काकांना सांगून गेल्या आणि कोणी शाल-नारळ देतोय म्हटल्यावर नाही म्हणणं काकांच्या स्वभावात नाही. रविवारी सकाळी आम्ही गेलो. शाळेच्या ओट्यावर सतरंजी, पाठीमागे खडूने लिहिलेलं 'हार्दिक स्वागत'. भाताची, वालाची शेती करणारं गाव, पण बायका-माणसं आवरून आलेली. एक म्हातारी पुढे आली, काकांचे दोन्ही हात धरले आणि सोडेनाच. "माजा नातू रोज हा रस्ता वलांडून शालंत जातो. तो परत येईस्तवर मी दारात उभी असायची. आता आतमंदी बसते. तुमच्यामुलं, दादा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीकडे बघितलं.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि गतिरोधक या विषयावर पाऊण तास बोलले. माणसाच्या आयुष्यात गतिरोधक कसा हवा, आमच्या संघटनेने तो कसा झगडून मिळवला, आणि हो, पोरांच्या जिवापुढे मूर्तीच्या बोटांचं काय. हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून चुकून निघालं असावं, कारण ते मधेच थांबले आणि पाणी प्यायले.

परतताना टेम्पोत मी म्हटलं, "काका, आता काढायची मागणी कुठल्या तोंडाने करायची?"

"नाय करायची," ते मांडीवरची शाल नीट करत म्हणाले. "पण इतके उंच कशाला? आणि पट्टा कुठं हाय? दिसला तर ब्रेक मारेल ना माणूस."

पुढच्या निवेदनाची विषयाची ओळ मी सहा जणांकडून तपासून घेतली. 'गतिरोधकांना उतार देण्याबाबत व पांढरे पट्टे मारण्याबाबत.' साहेबांनी या वेळी विषय वाचला, मग खाली बोट फिरवत सगळा मजकूर वाचला, आणि शेवटच्या ओळीवर पोचल्यावर माझ्याकडे बघून "बरोबर?" असं विचारलं. तरी काकांचं समाधान होईना. ते साहेबांना म्हणाले, "एकदा बसा आमच्या टेम्पोत." साहेब खरंच बसले, मागे, पेंढ्यात, मांडीवर फूटभर शाडूचा गणपती घेऊन. टेम्पोवाल्याने वेग मुद्दाम वाढवला नाही, असं तो अजून शपथेवर सांगतो. तिसऱ्या गतिरोधकावर साहेबांचं डोकं वरच्या लोखंडी बारला लागलं, पण गणपती त्यांनी सोडला नाही. खाली उतरल्यावर कपाळ चोळत त्यांनी आधी मूर्तीचे कान बघितले.

उतार महिन्याभरात झाले. पट्ट्यांना मात्र रंगाचं काम निघेपर्यंत थांबा, असं उत्तर आलं. इकडे मूर्ती दुकानांकडे जायला लागलेल्या. मग साहेबांची लेखी परवानगी घेऊन आम्हीच गेलो. गल्लीतल्या पाच रंगवणाऱ्या बायका, दोन बादल्या पांढरा रंग, आणि दोन्ही बाजूंची वाहतूक अडवायला गावची माणसं. म्हातारीने चहा पाठवला. आयुष्यभर वीतभर पीतांबर रंगवलेल्या बायका हातभर रुंद पट्टा मारताना आधी खूप हसल्या, मग चुरशीला पेटल्या. एकीने शेवटच्या गतिरोधकाला दोन्ही कडांनी बारीक वेल काढली. मी म्हटलं, "अगो, हा रस्ता हाय." ती म्हणाली, "मग काय झालं? रोज जातायत ना माणसं त्याच्यावरून."

त्या वर्षी रोह्याला एक उंदराचं शेपूट आणि एक कान तेवढा गेला. भाद्रपद लागायच्या आत मात्र संघटनेकडे आजूबाजूच्या तीन गावांची पत्रं आली होती, आम्हालाही गतिरोधक मिळवून द्या म्हणून. काकांनी तिन्ही पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि स्टुलावर बसून, मी कॉम्प्युटर चालू करायची वाट बघत राहिले.