मामाच्या मोटारीचा निळा धूर

आमच्या घराण्यात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, तेव्हा मी हे लिहायला बसलो याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषयही मोठा नाही. एका मोटारीच्या धुराचा आहे.

रत्नागिरीत कॉलेजसाठी मी मामाकडे राहायचो. मामाची लढाईच्या आधीची मोटार भाड्याने चालायची. तिचं इंजिन जयगडच्या एका मिस्त्रींनी पुरतं उघडून, पिस्टनला नव्या रिंगा घालून बांधून दिलं होतं. त्यांचा जन्म बोटींच्या इंजिनांवर गेलेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. तरी मोटार निळा धूर सोडतच राहिली. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून उतरू लागलं.

मी इंटर सायन्सला होतो. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, म्हणून मला सगळं कळतं अशी मामाची समजूत होती, आणि ती खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो. इंजिनातलं तेल बघायचं काम मी आपणहून घेतलं होतं. रोज सकाळी गाडी निघण्यापूर्वी तेल मोजायची खुणेची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालून बघायची. तेल रोज कमीच दिसे. मी रोज ओतत असे.

चाचा बघायला आले. "तेल कोण बघतो?" त्यांनी विचारलं.

"मी. पट्टीने मोजून," मी म्हटलं, आणि वर न विचारता जोडलं, "रिंगा उलट्या बसल्या असतील, चाचा. पुस्तकात तसं दिलंय."

चाचांनी बॉनेट खाली केलं. "पुस्तकाला विचार, त्याने किती इंजिनं बांधली."

पण मामाने माझाच शब्द धरला. चाचा रिंगा उलट्या बसवतात, ही गोष्ट जयगडच्या धक्क्यापर्यंत गेली आणि लाँचवाले त्यांना काम देईनासे झाले.

पुढे एका रविवारी देवरूखच्या बाजारात गाडी सपाट जागी उभी होती. मी सवयीने पट्टी काढली. तेल खुणेच्या दोन बोटं वर. आधी वाटलं, पट्टीच बिघडली. मग उमगलं. बॅटरी मेलेली असल्यामुळे मामा गाडी नेहमी घराखालच्या उतारावर, नाक खाली करून लावायचा, म्हणजे सकाळी नुसती सोडली की चालू व्हायची. तिथे सगळं तेल पुढे जमायचं, आणि पट्टी होती इंजिनाच्या मागच्या अंगाला. द्रव आपली पातळी राखतो, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं.

जादा तेल काढलं; तेच वर चढून जळत होतं आणि निळा धूर होत होता. दोन दिवसांत धूर थांबला. मामा म्हणाला, "आता तूच सांग चाचांना."

जायचा धीर होईना. मी कार्ड टाकलं: रिंगा सरळ आहेत, तेल मी जास्त ओतलं, चूक माझी. तीन आठवडे उत्तर नाही. चाचा आपल्याला माफ करणार नाहीत, असं मी धरून चाललो.

शेवटी जयगडहून लाँच चालवत आलेल्या एका सारंगाने खबर सांगितली. चाचांना वाचता येत नाही. त्यांनी माझं कार्ड धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात वाचून घेतलं, एकदा नव्हे, तीनदा, आणि 'चूक माझी' आलं की दर वेळी वाचणाऱ्याला म्हणत, "हां, एवढं जरा मोठ्याने." तिसऱ्या वाचनाला हजर असलेल्या एका लाँचमालकाने आपलं इंजिन तिथल्या तिथे त्यांच्या हवाली केलं.